दाब किती असावा

फायब्रोमायल्जिया, म्हणजे महिनोन् महिने अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी हमखास सांगतो, ‘एकदा चांगली रगडून मालिश करून घ्या, मोकळ्या व्हाल.’ या सल्ल्यामागे माया असते, आणि आपल्याकडे त्याला अनुभवाचा आधारही भक्कम आहे. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत संपल्यावर पैलवान एकमेकांचे अंग तेलाने रगडून काढतात. बाळंतिणीला सव्वा महिना तेल, कढत पाणी आणि शेक-शेगडी यांनी पुन्हा उभी करण्याची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. दिवसभर शेतात वाकून भांगलण केलेली बाई संध्याकाळी ओसरीवर पालथी पडते आणि नातवाला पाठीवर उभा करून ‘कमरंत जरा तुडव रं’ म्हणते. श्रमाने आखडलेल्या स्नायूला असा जड दाब मानवतो, हे खरेच आहे. त्यातूनच दुखणे जितके जुने तितका हात जड हवा, आणि चोळताना डोळ्यांत पाणी आले म्हणजे मालिश लागू पडली, अशी समजूत आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. फायब्रोमायल्जियात ही समजूत लागू पडत नाही, उलट ती त्रास वाढवते. मला मालिशीने आराम पडतो आणि गेली काही वर्षे ती माझ्या उपचारांचा नेमाचा भाग आहे. म्हणूनच कोणती मालिश, कोणाच्या हातची आणि किती दाबाची, याबद्दल सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

या आजारात दुखते कसे, ते आधी सांगायला हवे. सकाळी जाग येते तेव्हाच अंग ठणकत असते. झोप झालेली असते, पण विश्रांती झालेली नसते. मान, खांदे, कंबर, मांड्यांच्या बाहेरच्या बाजू यांपैकी आज एक जागा पेटते आणि उद्या दुसरी, त्यामुळे डॉक्टरांसमोर नेमके कुठे दुखते हे सांगताना आपले आपल्यालाच संकोचल्यासारखे होते. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, मिक्सरचा आवाज सोसवत नाही, आणि संध्याकाळपर्यंत थकवा असा येतो की कुकरचे झाकण लावायलाही दोनदा बसावे लागते. तपासण्या मात्र सगळ्या ठीक येतात. हिमोग्लोबिन, ईएसआर, सीआरपी, थायरॉइड, सीपीके, संधिवाताच्या चाचण्या, कशातच काही सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून हायसे वाटावे, तर घरातल्यांच्या चेहऱ्यावर ‘म्हणजे हिला काही झालेलेच नाही’ असा भाव उमटतो, आणि त्या क्षणाचे दुःख मूळ दुखण्यापेक्षा कमी नसते.

वैद्यकशास्त्रालाही हा आजार ओळखायला बराच काळ लागला. १९०४ साली लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात असे मांडले की स्नायूंमधल्या तंतुमय भागाला दाह होत असावा, आणि त्यांनी त्याला ‘फायब्रोसायटिस’ असे नाव दिले. पुढची कित्येक दशके डॉक्टर तो दाह शोधत राहिले आणि तो सापडला नाही, तेव्हा १९७६ पासून ‘फायब्रोमायल्जिया’ हे आजचे नाव रूढ होऊ लागले. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजीने निदानाचे निकष ठरवले. शरीरावरच्या अठरा ठरावीक जागांवर सुमारे चार किलोचा, म्हणजे तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल एवढा दाब द्यायचा, आणि त्यांपैकी किमान अकरा जागी दुखले व अंगभर दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले असले, तर हा आजार मानायचा, असे ते निकष होते. २०१० मध्ये दाबून पाहण्याची अट काढली गेली आणि तिच्या जागी अंगाचे किती भाग दुखतात, थकवा किती, झोप कशी, विचारांना किती धूसरपणा येतो, याची गुणांनी नोंद करण्याची पद्धत आली. दाबल्यावर दुखणे हीच ज्या आजाराची खूण म्हणून दोन दशके मोजली गेली, त्याच आजारावर जोराने दाबून घेण्याचा सल्ला आपण एकमेकींना देत आलो आहोत, ही गोष्ट एकदा नीट ध्यानात घेतली पाहिजे.

दुखणे स्नायूत जाणवते, पण बिघाड स्नायूत नसतो. तो असतो मेंदू आणि मज्जारज्जू यांनी संवेदना मोजण्याच्या रीतीत. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला गेला आणि त्याच वेळी मेंदूची एमआरआय प्रतिमा घेतली गेली. निरोगी माणसाला जेवढी कळ येण्यासाठी बराच मोठा दाब लागला, तेवढीच कळ रुग्णांना कितीतरी कमी दाबाने आली, आणि दोघांच्याही मेंदूत वेदनेच्या त्याच जागा जाग्या झालेल्या दिसल्या. म्हणजे रुग्ण वाढवून सांगत नव्हते. त्यांना खरोखरच तेवढे दुखत होते. वाड्यात एकदा चोर शिरून गेला की दारातला कुत्रा पुढे दूधवाल्यावर, पोस्टमनवर आणि घरी परतणाऱ्या मुलांवरही तितक्याच जोराने भुंकू लागतो, तशी या आजारात मज्जासंस्थेची गत होते. नातवाची मिठी, पर्सचा पट्टा, मोटारीतला सीटबेल्ट, नव्या कोऱ्या साडीचा कडक काठ, सगळ्यांची वर्दी ती धोका म्हणूनच देते. अशा कुत्र्याला काठी दाखवून तो गप्प बसत नाही. रोज ठरलेल्या वेळी, त्याच ओळखीच्या पावलांनी कुणीतरी यावे लागते, तेव्हा कुठे त्याचे भुंकणे हळूहळू कमी होते.

मी हे जड हाताने शिकले आहे, तेही दुसऱ्याच्या. निदान झाल्यानंतरच्या हिवाळ्यात घरच्यांनी मोठ्या हौसेने एका मालिश केंद्राचे कूपन आणून दिले. मी जाताना माझा आजार सांगितला, दाब हलका ठेवा असेही सांगितले. तिथली मुलगी मेहनती होती आणि शिकवले होते तसेच करत होती. तिने खांद्याच्या पात्याखाली कोपर रोवले आणि म्हणाली, ‘मॅडम, गाठ मोडायची तर थोडं सोसायला लागतं.’ त्या रात्री कुशीवर वळता येईना. पुढचे कितीतरी दिवस केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर कुणी पाठीमागून जवळ आले तरी खांदे आपोआप वर चढून आखडत. एका बैठकीतल्या जास्तीच्या दाबाने स्नायूला झालेली इजा चार दिवसांत भरून येते, पण मज्जासंस्थेने घेतलेली धास्ती तेवढ्यात जात नाही. पुढे ज्या फिजिओथेरपिस्टकडे मी जाऊ लागले, त्यांनी हे अगदी साध्या शब्दांत सांगितले, आणि शून्य ते दहा अशा मापावर वेदना तीनच्या वर जाऊ द्यायची नाही, असा नियम घालून दिला. मालिश चांगली झाली की नाही हे त्याच वेळी ठरवू नका, दोन दिवसांनी अंग काय म्हणते ते पाहून ठरवा, हे त्यांचे दुसरे सांगणे. या दोन गोष्टींनी माझे पुष्कळ त्रास वाचवले आहेत.

ज्यांच्या हाताने मला खरा आराम पडला, त्या मावशी कुठल्याही केंद्रात शिकलेल्या नाहीत. आमच्या साताऱ्यात त्यांनी गेली तीसेक वर्षे बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घातले आहे. पाटावर बसून, पाय सरळ पसरून, नडग्यांवर बाळ घेऊन तेल लावायचे, हे त्यांचे काम. मी आजार समजावून सांगू लागले तेव्हा त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हंजे ताई, बाळाला लावतो तसा हात पायजे तुमाला.’ एवढ्या नेमकेपणाने ही गोष्ट मला तोपर्यंत कुणी सांगितली नव्हती. फिजिओथेरपिस्टकडे एकदा त्यांना सोबत नेले आणि काय टाळायचे ते दोघींनी समोरासमोर ठरवून घेतले. मानेच्या पुढच्या बाजूला हात लावायचा नाही, मणक्यावर थेट दाब नाही, मान मोडायची नाही, बोटांच्या टोकांनी एका जागी टोचून धरायचे नाही.

त्यांची पद्धत मी जवळून पाहिली आहे, म्हणून सांगते. तेलाची वाटी त्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवतात आणि तेल आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतात. हात एकमेकांवर घासून ऊबदार करतात. मग सुरुवात पाठीपासून किंवा खांद्यापासून, म्हणजे जिथे सर्वांत जास्त दुखते तिथून, कधीच करत नाहीत. ती तळपायांपासून होते. पहिली दोन-तीन मिनिटे त्या चोळत नाहीतच, दोन्ही तळव्यांनी पाऊल नुसते धरून ठेवतात. नंतर घोट्यापासून गुडघ्याकडे संपूर्ण तळहात टेकवून, अतिशय सावकाश हात वर नेतात, आणि परत येताना हात उचलत नाहीत, त्वचेवरूनच सरकवत खाली आणतात, त्यामुळे पुढचा स्पर्श कुठे होणार याची धास्ती अंगाला राहत नाही. या सगळ्या वेळात त्यांची नजर माझ्या पायाच्या अंगठ्यावर असते. दाब जास्त झाला की अंगठा आत वळतो, बहुतेक वेळा माझ्याही लक्षात यायच्या आधी, आणि त्या तिथेच थांबतात. हे कसे कळते, असे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘बाळ काय बोलून सांगतंय व्हय? त्याच्या मुठी बघायच्या.’

सावकाश स्पर्शाचा गुण कशामुळे येतो, याचा थोडाबहुत उलगडा आता झालेला आहे. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, मांड्या यांच्या कातडीत, ‘सी-टॅक्टाइल’ नावाचे बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, हलक्या आणि कातडीइतक्याच ऊबदार स्पर्शाने ते सर्वांत जास्त उत्तेजित होतात, आणि त्यांचा निरोप स्पर्शाचे ठिकाण सांगण्यापेक्षा त्याचा सुखदपणा सांगण्याचे काम करतो. मनगटापासून कोपरापर्यंत हात जायला सात-आठ सेकंद लागावेत, अशी ही गती आहे. मावशींचा हात घड्याळ न पाहता साधारण तसाच चालतो. त्याआधी १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडले होते की स्पर्शाच्या जाड तंतूंतून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. ठेच लागली की आपण लगेच ती जागा चोळतो, त्याचे शास्त्रीय कारण बहुतांशी हेच. फायब्रोमायल्जियात मात्र हे अडवण्याचे कामच मंदावलेले असते, त्यामुळे मालिशीचा मला जाणवणारा मोठा लाभ त्या अर्ध्या तासात मिळत नाही, तो रात्री मिळतो. ज्या दिवशी संध्याकाळी मालिश होते, त्या रात्री झोप सलग लागते. या आजारात गाढ झोपेच्या लहरींमध्ये जागेपणाच्या लहरी घुसतात, हे १९७५ पासून नोंदले गेले आहे, आणि निरोगी माणसाची गाढ झोप मुद्दाम मोडली तर त्याचेही अंग दुखू लागते, असेही त्याच काळात दिसून आले. तेव्हा झोप सुधारणे म्हणजे दुखण्याच्या मुळाजवळ हात घालणे, असे मी समजते.

पुरावा काय सांगतो, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण दुखण्याने गांजलेल्या माणसाला खोटी आशा विकणारे पुष्कळ भेटतात. मायामी विद्यापीठातील टच रिसर्च इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये २४ रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास मालिश आणि निम्म्यांना तेवढाच वेळ शिथिलीकरण, असे पाच आठवडे चालले. चिंता आणि उदासी दोन्ही गटांत कमी झाली, पण झोपेचे तास वाढणे आणि वेदनेचा संदेश वाहणारे ‘सबस्टन्स पी’ हे रसायन घटणे हे मालिशीच्या गटात दिसले. २०१४ मध्ये नऊ चाचण्या आणि ४०४ रुग्ण यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पाच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चाललेल्या मालिशीने दुखणे, चिंता आणि उदासी कमी होतात असे आढळले, पण झोपेच्या तक्रारींत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही, जो माझ्या अनुभवाच्या उलट आहे आणि मी तो तसाच नोंदवते. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधील संशोधकांनी वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. स्नायूंवरच्या आवरणाला सावकाश ताण देत धरून ठेवणारी मायोफेशियल रिलीज ही पद्धत त्यात उजवी ठरली आणि सर्वत्र मिळणाऱ्या स्वीडिश मालिशीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींत तर पुरावा तोकडा आहे म्हणून मालिशीची शिफारसच केलेली नाही. ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामाला.

या शिफारशीवर मी रागावत नाही. चाचण्या लहान आहेत, कोणाला खरी मालिश मिळाली आणि कोणाला खोटी हे लपवता येत नाही, आणि दोन माणसांचे हात गोळीसारखे एकसारखे नसतात. पण माझे मत असे की ‘मालिश’ या एकाच शब्दाखाली कोपर रोवणेही मोजले जाते आणि पाऊल धरून बसणेही, तोवर उत्तर धूसरच येणार. माझ्यापुरते सांगायचे तर मालिशीने आजार बरा झालेला नाही, आणि तो तसा होईल असे सांगणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही. मालिशीने मला चालता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाचा जो थोडा मोकळेपणा असतो, तो मी चालण्यासाठी वापरते. सुरुवात कॉलनीच्या फाटकापर्यंत होती, आता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. ज्या महिन्यांत मालिश चालू होती पण पावसामुळे चालणे बंद पडले, त्या महिन्यांत दुखणे पुन्हा वर आले, आणि मालिश बंद पण चालणे चालू अशा दिवसांत ते तितके वर आले नाही. त्यामुळे दोन्हींपैकी कोणाचा मान मोठा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळीही चालू आहेच, आणि ती तेलाच्या भरवशावर बंद करणाऱ्या मैत्रिणीला मी आग्रहाने परत डॉक्टरांकडे पाठवले आहे.

तेल कोणते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगते की मी साधे तिळाचे तेल वापरते, आणि उन्हाळ्यात खोबरेल. महानारायण तेल मानवणाऱ्या बायकाही मला माहीत आहेत. तेलाच्या नावापेक्षा ते कोमट असण्याचा आणि हात घसरता राहण्याचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटाने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, रोज करावे, आणि डोके, कान व तळपाय यांना विशेष करून तेल लावावे, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावे असेही म्हटले आहे. या यादीत तळपाय आहेत, हे मावशींना सांगितले तेव्हा त्यांनी त्याचे काही नवल मानले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र मी उटण्याचा खरखरीतपणा टाळते. तेल लावते, उटणे दुधात भिजवून नुसते अंगाला फासते, आणि घरातली मोठी माणसे आता त्यावर काही बोलत नाहीत.

मालिश कोणी करून घेऊ नये किंवा कधी थांबवावी, हे सांगितल्याशिवाय हा विषय सोडणे बरोबर नाही. ताप, त्वचेचा संसर्ग, एकाच पायाला अचानक आलेली सूज आणि दुखणे, रक्त पातळ करणारी औषधे, ठिसूळ झालेली हाडे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असताना तो पाय चोळणे जिवावर बेतू शकते. फायब्रोमायल्जिया आहे म्हणून प्रत्येक नवे दुखणे त्याचेच, असेही धरू नये. हातापायांतली ताकद कमी होणे, वजन उतरणे, सांध्यांना सूज येणे या गोष्टी या आजाराच्या नाहीत.

आणि मालिश करणाऱ्या बाईच्या हातांचाही विचार करावा. मावशींच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलेला आहे, आणि दिवसाला चार-पाच घरे केल्यावर तो सुजतो. हलका हात म्हणजे कमी कष्ट असे वाटते, पण दाब रोखून धरत अर्धा तास एकाच लयीत हात चालवणे किती अवघड आहे, ते मी स्वतःच्या पायावर करून पाहिले तेव्हा कळले. त्यांना ओणवे व्हावे लागू नये म्हणून आम्ही पलंगाऐवजी उंच बाक करून घेतला आणि अंगठ्याऐवजी तळहाताची टाच वापरण्याचे फिजिओथेरपिस्टकडून त्यांना दाखवून घेतले. पैसे वेळेवर आणि सुट्टीच्या आठवड्याचेही द्यावेत, हे माझे मत मी इथे आवर्जून लिहिते, कारण घरोघरी जाऊन हे काम करणाऱ्या बायकांना तसे देणारी घरे थोडी आहेत.

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण अंगाची मालिश मागू नये. फक्त पावले आणि पोटऱ्या किंवा फक्त हात द्यावेत, वेळ पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नये, आणि जी जागा सर्वांत जास्त दुखते ती त्या दिवशी सोडून द्यावी. सुरू करण्याआधीच सांगून ठेवावे की मी ‘थांबा’ म्हटले की हात उचलायचा नाही, जिथे आहे तिथे नुसता टेकवून ठेवायचा आणि दाब काढून घ्यायचा. थंडीच्या दिवसांत, अंगाच्या ज्या भागावर हात चालू नाही तो पांघरुणाखाली राहू द्यावा, कारण गारठ्याने स्नायू आखडले की हलका हातही बोचतो. नंतर अर्धा तास पडून राहावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी, आणि तेलकट पायांनी न्हाणीघरात जाताना कुणाचा तरी हात धरावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही, तरच पुढच्या खेपेला गुडघ्याच्या वर जावे. समोरची बाई दाब कमी करायला तयार नसेल, तर तिचे पैसे देऊन मधेच उठावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.